मैदानावर पाणी मारणे

नगर परिषदेत बत्तीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की लोक मला दोनच गोष्टी विचारतात. जन्माचा दाखला लवकर कसा मिळेल, आणि नळ उद्या सुटणार की परवा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी भाजी घेताना कुणीतरी विचारतंच. मला राग येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला नोकरीमुळे ठाऊक आहे आणि दुसऱ्याचं लहानपणापासून. माझे वडील त्याच नगर परिषदेत व्हॉलमन होते.

व्हॉलमन म्हणजे कोण, हे मोठ्या शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, तालुक्याचं. सगळ्या गावाला एकदम पुरेल इतकं पाणी आमच्या टाकीत कधीच नव्हतं. म्हणून गावाचे भाग पाडलेले. आज एका भागाचा नळाचा दिवस, उद्या दुसऱ्याचा. प्रत्येक भागाच्या तोंडाशी जमिनीत एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, आत व्हॉल. बाबा छातीइतक्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून निघायचे, झाकण उचलायचे आणि चावी फिरवायचे. की गल्लीत ओरडा, ‘नळ सुटले!’ हातातली कामं टाकून बायका पळायच्या. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण गावात कुणाच्या घरी कधी चूल पेटणार आणि कधी धुणं पडणार, हे त्यांच्या चावीवर ठरत होतं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. क्लार्क म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. अधीक्षकाचं काम म्हणजे फायली. कोणतंही काम निघालं की आधी टिपणी लिहायची: काय करायचं आहे, का करायचं आहे, त्याला काय काय लागेल. टिपणी वरच्या साहेबांकडे, तिथून सभेपुढे, मग ठराव. आणि टिपणी लिहिण्याची आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कोणी नवीन काम सांगितलं की आम्ही पहिलं वाक्य एकच बोलतो, ‘मागची फाईल काढा.’ मागच्या वेळी जे लिहिलं तेच उतरवायचं, तारीख बदलायची. त्यात चूक झाली तर ती आपली नसते, मागच्याची असते.

या रीतीने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. तीच गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी खेळांविषयी थोडं.

या अंकाच्या संपादकांनी मला विचारलं होतं, गावाच्या पैशातून नगर परिषदेने खेळांच्या स्पर्धा भरवाव्यात का. कायद्यात आमची कामं दोन प्रकारची. काही करावीच लागतात: पाणी, सफाई, दिवाबत्ती. काही करता येतात. खेळ या दुसऱ्या प्रकारात. आता करता येतात म्हटल्यावर मागणारे येतातच. कुणाला कुस्त्यांची दंगल हवी असते, कुणाला क्रिकेटचा चषक. एकदा एका मंडळाने अर्ज आणला, त्यात खेळाचं नावच नव्हतं. मी विचारलं, ‘स्पर्धा कशाची आहे?’ तर पुढारी म्हणाला, ‘ते ठरवू ना मॅडम. आधी मंजुरी तर होऊ द्या!’

एका वर्षी आम्ही क्रिकेट स्पर्धेला मदत केली होती. जुन्या जालन्यातून चषक आणला, तो एवढा उंच की जिंकलेल्या कर्णधाराचा चेहरा फोटोत दिसत नाही. मंडप, गाणी, पाहुणे, फटाके. तिसऱ्या दिवशी सगळे गेले आणि आमचे सफाई कामगार दोन दिवस मैदानातला कचरा वेचत बसले. मंडपाच्या खांबांचे खड्डे तसेच राहिले. त्यातल्या एका खड्ड्यात पुढे शाळेच्या मुलीचा पाय मुरगळला. ती फाईल बंद करताना मी मनाशी म्हटलं होतं, आपला जीव पाण्यात, यांचा खेळात. असल्या कामाला गावाचा पैसा देऊ नये.

म्हणजे मी विरोधकच होते. माझं मन बदललं ते जाधव मॅडमांनी.

जाधव मॅडम मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. अंगाने किरकोळ, आवाज मात्र नदीच्या पल्याड जाईल असा. माझ्या निवृत्तीला सहा वर्षं उरली असतील, तेव्हा दिवाळीनंतर त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या.

‘मॅडम, मुलींची कबड्डी घ्यायची. जिल्ह्यातल्या शाळांची. आपल्या गावात.’

‘चषक केवढा पाहिजे?’ मी जरा खवचटपणेच विचारलं.

‘चषक नका देऊ. मैदान द्या, अन् मुलींना कपडे बदलायला खोली अन् पक्का संडास द्या. मंडप मी पालकांच्या ताडपत्र्यांनी करते.’

असा अर्ज माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. मी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, ‘माझ्या पोरी चांगल्या खेळतात. पण बाहेरगावी सामना असला की घरचे पाठवत न्हाईत. कबड्डी म्हंजे पोरी काय करतात, त्यांना माहीतच न्हाई. एकदा हितं सामना झाला, आईबापानं डोळ्यानं पाह्यलं, की पुढच्या साली पाठवतील. न्हाई झाला, तर ह्या दहावीच्या पोरी निघून जातील मॅडम. खेळ शाळेच्या कुंपणातच संपन त्यांचा.’

मला माझी गोष्ट आठवली. बारावीनंतर मलाही कुणी पाठवणार नव्हतं. गावातून पुढे शिकायला गेलेली मुलगी आमच्या गल्लीने पाहिलीच नव्हती. तेव्हा गणिताचे शेळके सर घरी आले आणि बाबांशी बोलले. जालन्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा दिवस आला, तर बाबांना सुट्टी मिळेना, त्या दिवशी मोठ्या भागाचा नळ होता. शेळके सर मला एसटीने घेऊन गेले, रांगेत माझ्यासोबत उभे राहिले आणि संध्याकाळी परत आणून आईच्या हवाली केलं. मी जे काही आहे ते त्या एसटीमुळे.

मी टिपणी लिहायला घेतली. आणि सवयीप्रमाणे म्हटलं, ‘मागची फाईल काढा.’

कबड्डीची एक जुनी फाईल निघाली. बरीच वर्षं आधी, भरपूर पाऊस झालेल्या साली, पुरुषांचे सामने झाले होते. मी त्यातली कामांची यादी उतरवली. जमीन नांगरणे, गोटे वेचणे, तळ्यातली माती आणून चाळून पसरणे, मैदानावर पाणी मारणे, रोलर फिरवणे, फक्कीच्या रेघा. मातीचं मैदान असंच तयार होतं. माती आठ दिवस भिजवून मुरवली नाही तर वर फुफाटा राहतो आणि खेळताना मुलींचे गुडघे सोलतात. यादीत मी खोली आणि संडास ही दोन नवी कामं घातली, त्याचा मला फार अभिमान वाटला. सही केली. सभेने ठराव केला. नगराध्यक्ष खूश. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ते लगेच फलकावर स्वतःचा फोटो कुठल्या कोपऱ्यात लावायचा ते ठरवायला लागले.

त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता. हिवाळ्यातच नळ आठव्या दिवसावर गेले होते. आणि मी उतरवलेल्या यादीत एक ओळ होती: ‘मैदानावर पाणी मारणे : टँकर बारा.’

व्हॉलमनच्या मुलीने ही ओळ लिहिली होती. वाचलीसुद्धा नव्हती, नुसती उतरवली होती.

एका सकाळी त्या पानाचा फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. खाली लिहिलेलं: ‘पोरांना प्यायला पाणी नाही, मातीला बारा टँकर!’ साडेअकराला कार्यालयासमोर हंडा मोर्चा आला. रिकामे हंडे वाजवत पन्नास-साठ बाया, त्यातल्या निम्म्या माझ्याच ओळखीच्या. आणि पुढे, हातात एक रिकामा पितळी हंडा घेऊन, शेळके सर.

सर तेव्हा निवृत्त झालेले होते, पण पांढरा सदरा आणि मनगटावरचं जुनं घड्याळ तेच. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. मी उठून उभी राहिले.

‘सुनंदा, ह्या टँकरच्या ओळीखाली सही कुणाची?’

‘माझी, सर.’

‘नववीत सहामाहीला तू शेजारणीच्या वहीतून उत्तर उतरवलं होतंस. तिचं चुकलं होतं म्हणून तुझंही चुकलं. आठवतं?’

‘आठवतं, सर.’

‘यंदा कुणाच्या वहीतून उतरवलंस?’

‘मागच्या फायलीतून, सर.’

बायका खो खो हसल्या. सरांच्या गल्लीतल्या शांताबाईंनी तर हंडाच वाजवला. ‘अगं सुनंदे, तुझा बाप आम्हाला पाणी मोजून द्यायचा, अन् तू मातीला टँकर पाजून राह्यली का?’

माझे कान तापले. मी म्हटलं, ‘सर, ओळ चुकली. पण स्पर्धा चुकीची नाही.’

‘पाणी नसलेल्या गावात खेळ चुकीचाच,’ सर म्हणाले. ‘आधी जे करावंच लागतं ते करा. ते झालं की मंग जे करता येतं ते. हे कायद्यात आहे, तुलाच माहीत. मुली खेळाव्यात की न खेळाव्यात, हा प्रश्नच न्हाई.’

वाईट याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. क्रिकेटच्या चषकानंतर मी स्वतः हेच म्हणत होते.

भाऊ त्यांच्या खोलीतून बाहेर आले, मोर्चा पाहिला आणि लगेच माझ्याकडे वळले. ‘रद्द करून टाका मॅडम. जल्दी. मला काय हौस न्हाई कबड्डीची.’ आदल्या दिवशीपर्यंत चांगली हौस होती. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले. ते कुरकुरत म्हणाले, ‘सोमवारपर्यंत. मंग फाईल बंद.’

दाराशी जाधव मॅडम उभ्या होत्या. त्यांचा तो आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. एवढंच म्हणाल्या, ‘पोरींना काय सांगू?’

‘सोमवारी सांगा,’ मी म्हटलं.

घरी गेले तर बाबा ओट्यावर बसलेले. त्यांनाही कुणीतरी मोबाईलमधला फोटो दाखवला होता. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते पत्र्याच्या डब्यातली तंबाखू मळत म्हणाले, ‘टँकर कशाला लागतोय?’

‘माती भिजवायला, बाबा. टँकर नको तर पाणी कुठून आणू? नळाचा एक थेंबही घेता येणार नाही.’

‘नळाचं कोण घे म्हणालं? गाडी काढ.’

मी स्कूटी काढली. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा मागे बसले आणि हाताने रस्ता दाखवत राहिले. गावाबाहेर टेकाडावर आमचं जलशुद्धीकरण केंद्र आहे. त्याच्या मागच्या अंगाला नाला, नाल्याच्या पलीकडे उतारावर नगर परिषदेचं मैदान. नाल्याच्या काठाला बाबांनी गाडी थांबवायला लावली.

‘काय दिसतंय?’

‘बेशरमाची झाडं.’

‘कशी हायेत?’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळा परिसर पिवळा पडला होता. गवत नाही, बाभळीला पानं नाहीत. आणि नाल्याकाठचं बेशरम मात्र हिरवंगार, फुलांनी लगडलेलं.

‘त्याला कोण पाणी घालतंय?’ बाबा म्हणाले. ‘आपलंच फिल्टर घालतंय. रोज.’

केंद्रात वाळूचे मोठे थर असतात. धरणाचं पाणी त्या वाळूतून झिरपतं आणि गाळ वाळूत अडकतो. मग रोज सकाळी खालून जोरात पाणी सोडून ती वाळू धुवावी लागते, नाहीतर ती तुंबते. धुतलेलं गढूळ पाणी नाल्यात सोडून देतात. ते पिता येत नाही, नळाच्या पाळीच्या हिशेबातही धरता येत नाही. केंद्र बांधलं तेव्हापासून ते नाल्यात चाललं होतं. गावात प्रत्येक हंड्याचा हिशेब ठेवणारी आम्ही माणसं, आणि या पाण्याकडे आमच्यातल्या कुणी पाहिलंच नव्हतं. बाबांनी पाहिलं होतं. पण व्हॉलमनला कोण विचारतं!

‘बाबा, हे तुम्ही आधी कधी सांगितलं का नाही?’

‘कुणी इचारलं का? तुमच्या फायलीत असन असं वाटलं मला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेळके सरांच्या घरी गेले. ‘सर, माझ्यासोबत चला. उत्तर पुन्हा तपासायचंय.’ ते लगेच चपला घालून आले. फिल्टर धुवायची वेळ होती. पाइपातून तपकिरी पाणी धो धो नाल्यात पडत होतं. सरांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग केंद्रातली बादली मागून घेतली, मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं आणि एक बादली किती वेळात भरते ते मोजलं. मोर्चाच्या पत्रकाच्या पाठीवरच त्यांनी गणित मांडलं. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात असायचा तो उजेड आला.

‘तुझ्या टँकरची गरज दोन दिवसांत भागतीय,’ ते म्हणाले. मग एकदम कडक झाले. ‘पण हे पाणी पुन्हा गाळून गावाला का देत न्हाईत?’

मी खरं ते सांगितलं. त्यासाठी वेगळी टाकी लागते, गाळ बसू द्यावा लागतो, ती सोय आमच्याकडे नाही. ‘मागणी करू, सर.’

‘मी करतो मागणी. तू टिपणी लिही. स्वतःच्या डोक्यानं.’ कागदाची घडी खिशात ठेवत ते पुढे म्हणाले, ‘अन् एक ऐक. सामन्यांच्या दोन दिवसांत कुठल्याही भागाचा नळ एक तास जरी उशिरा सुटला, तर मी रिकामा हंडा घेऊन मैदानाच्या मधोमध येऊन बसणार. मंग तुमची कबड्डी माझ्या हंड्याभोवती खेळा.’

सर बोलल्याप्रमाणे करतात, हे मला नववीपासून माहीत होतं.

सोमवारी मी भाऊंसमोर दुरुस्त केलेली टिपणी ठेवली. टँकरची ओळ तांबड्या शाईने खोडली होती, शेजारी माझी सही. तिच्या जागी लिहिलं होतं: ‘मैदानावर पाणी मारणे : फिल्टर धुतल्याचे वाया जाणारे पाणी, पाइप टाकून. माहिती : श्री. किसन, निवृत्त व्हॉलमन.’ असली माहिती टिपणीत लिहीत नाहीत. ज्याने सांगितलं त्याचं नाव असावं, म्हणून मी लिहिली. भाऊंनी वाचलं आणि म्हणाले, ‘ह्यात माझा फोटो कुठं बसणार?’ पण सही केली. मोर्चातल्या बायांनाच त्यांनी उद्घाटनाला बोलावलं, हे मात्र त्यांच्या डोक्यातून आलं. राजकारण्याला सगळंच शिकवावं लागत नाही.

पुढचे दहा दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. कार्यालयात जाण्याआधी मी मैदानावर जायची. उतारामुळे पंपही लागला नाही, पाणी आपोआप यायचं. बाबा खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्या सफाई कामगारांना सांगायचे, ‘हळू! वाफ्यावाणी भिजवा, पूर आणू नका.’ त्या पाण्यातला बारीक गाळ मातीत बसला आणि रोलर फिरल्यावर मैदान असं झालं की जाधव मॅडमांनी चपला काढून त्यावर पाय ठेवला. कोपऱ्यात खोली आणि दोन पक्के संडास उभे राहिले, दाराला आतून कडी असलेले. ‘कडी नक्की आतून पाहिजे,’ असं मी टिपणीत वेगळं लिहिलं होतं. सरकारी बांधकामात ती कुठून येईल, सांगता येत नाही.

सामन्यांना जाफराबाद, वडीगोद्री आणि आणखी बऱ्याच ठिकाणच्या मुली आल्या, कुणी एसटीने, कुणी जीपमध्ये दाटीवाटीने. आमच्या मुली पहिल्या दिवशी सगळे सामने जिंकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला अंतिम सामना, वडीगोद्रीशी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारलाच, मैदानाला लागून असलेल्या गल्लीचा नळ. तीच गल्ली शेळके सरांची.

अख्खी गल्ली मैदानावर होती. बाया ताडपत्रीखाली, पुरुष कठड्यावर. फक्कीच्या रेघेबाहेर, अगदी पुढे, शेळके सर खुर्चीत. मांडीवर पितळी हंडा, नजर घड्याळावर. समोर मुली मांडीवर थापा मारत होत्या, पण सरांना फक्त काटे दिसत होते.

चार वाजले. सामना सुरू झाला. गल्लीतून काही आवाज नाही.

चार वाजून दहा मिनिटं. मी गर्दीत आमचा व्हॉलमन शोधला. खरं तर तो खड्ड्यापाशी असायला हवा होता. तो कठड्यावर उभा राहून शिट्ट्या वाजवत होता! चढाईला गेलेली मुलगी त्याची पुतणी निघाली. मी हातवारे केले, त्याला वाटलं मी टाळ्या वाजवतेय. तोही टाळ्या वाजवायला लागला. मी गर्दीतून वाट काढायला लागले. तेवढ्यात बाबांच्या खुर्चीकडे लक्ष गेलं. खुर्ची रिकामी होती.

चार वाजून वीस मिनिटं. तास भरायला अवकाश होता, तरी शेळके सर हंडा घेऊन उठले. एक पाय रेघेवर ठेवला. जाधव मॅडमांचा चेहरा पांढरा पडला. पंचांनी शिट्टी तोंडाशी नेली.

आणि गल्लीच्या तोंडाकडून आरोळी आली, ‘नळ सुटले!’

ताडपत्रीखालच्या निम्म्या बाया उठून पळाल्या. सर रेघेवर तसेच उभे. तेवढ्यात त्यांच्या घराच्या गच्चीवरून सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणायचो, मैदानावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, ‘अहो! पाणी आलं! हंडा कुठं घेऊन गेलात?’

सगळं मैदान हसलं. पंच हसले, वडीगोद्रीच्या मुली हसल्या. सरांनी हातातल्या हंड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘चाळीस मिनिटं शिल्लक होती. अट मोडली न्हाई.’ आणि हंडा काखेत घेऊन घराकडे पळाले. माझ्या सरांना मी आयुष्यात त्या एकदाच पळताना पाहिलं.

पाणी भरून बाया धावतच परत आल्या, पदर ओले, हात ओले. आमच्या मुली तेव्हा मागे होत्या. शांताबाई रेघेपाशी येऊन ओरडल्या, ‘ए पोरींनो, आम्ही पाणी भरून आलो, आता तुम्ही त्यांना पाणी पाजा!’ शेवटच्या काही मिनिटांत मुलींनी वडीगोद्रीचा सगळा संघ बाद केला आणि दोन गुणांनी सामना जिंकला. कर्णधार मुलीचे वडील एरवी पोरीने घराबाहेर मोठ्याने बोलू नये म्हणणारे. ते मैदानात धावत गेले आणि त्यांनी मुलीला उचललं. जाधव मॅडम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या आणि लगेच मुलींना ओरडल्या, ‘उड्या नका मारू, आधी हात मिळवा त्यांच्याशी!’

बाबा मैदानाच्या मागच्या बाजूने सावकाश येत होते. खांद्यावर ती छातीइतकी चावी, आमच्या व्हॉलमनने खड्ड्यापाशीच टाकून दिलेली. निवृत्त माणसाने व्हॉल उघडणं नियमात बसत नाही. म्हणून ही गोष्ट कोणत्याच फायलीत नाही, इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

‘बाबा, तुम्हाला कसं कळलं?’

‘चार वाजले अन् मला ओरडा ऐकू न्हाई आला. चाळीस वर्षं ऐकलाय.’

पुढच्या वर्षी आमच्या मुलींच्या दोन जीप बाहेरगावी सामन्यांना गेल्या. मागे पालकांची तिसरी. संडासांना बाजाराच्या दिवशी कुलूप लावायचं नाही, असा ठराव शेळके सरांनी अर्ज देऊन करून घेतला. आता आठवडी बाजाराला खेड्यांतून येणाऱ्या बाया ते वापरतात. फिल्टरच्या पाण्यावर मैदानाभोवती कडुलिंब वाढलेत. ते पाणी पुन्हा गाळून गावाला देण्याची टाकी मात्र अजून झालेली नाही. सरांचा अर्ज आणि माझी टिपणी दोन्ही कुठेतरी थांबलेत. ही एक गोष्ट माझ्या हातून राहिली, आणि ती मला बोचते.

तर संपादकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. खेळावर गावाचा पैसा जरूर खर्च करावा. पण त्या दिवशी कुठल्याही गल्लीचा नळ चुकू नये, आणि पाहुणे गेल्यावर मैदानावर काहीतरी गावाचं उरावं. चषकाचा आकार नंतर बघता येतो.

स्पर्धा दरवर्षी होते. माझ्या टेबलावर आता वैशाली नावाची मुलगी आहे, हुशार आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. ‘मॅडम, कबड्डीची टिपणी करून राह्यले. मागची फाईल काढलीय. सगळं उतरवलं, पण एक ओळ कळंना. माहिती, श्री. किसन, निवृत्त व्हॉलमन. दरवर्षीच्या फायलीत हाय ही. ठेवू का काढू?’

माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकाने ती तशीच उतरवली होती. चूक पुढे नेणारी आमची रीत बाबांचं नावही वर्षानुवर्षं पुढे नेत होती. मी फोन कानाला धरूनच बाबांकडे पाहिलं.

बाबा शेजारी खाटेवर होते. आता ऐकू कमी येतं त्यांना. ‘काय म्हणती?’

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, ‘तुमच्या नावाची ओळ ठेवू का, विचारती!’

‘ठेव म्हणावं,’ बाबा म्हणाले. ‘अन् माती आठ दिस आधी भिजव म्हणावं. गेल्या साली उशीर केल्ता, पोरींचे गुडघे सोलले.’